सुटलेले नख

२०२३ सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. आमच्या वस्तीत जयंतीच्या जेवणाची तयारी चालली होती. विहाराच्या मागल्या बाजूला ताडपत्री अंथरून दहा-बारा बाया पुऱ्यांची कणीक मळायला बसल्या होत्या. आमच्या शेजारच्या मावशी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जातात, त्याही परात पुढे घेऊन बसल्या. तेवढ्यात समोरच्या एकीचे लक्ष त्यांच्या बोटांकडे गेले. दोन्ही हातांची मिळून पाच नखे टोकाकडून पांढरी पडून उचललेली होती, एकाच्या कडेला हिरवट झाक होती. ती बाई वावगे काही बोलली नाही. तिने नुसती परात आपल्याकडे ओढली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा निवांत, आम्ही करतो." मावशी उठल्या, हात पदराखाली घेतले आणि घरी गेल्या. संध्याकाळी जेवायलाही आल्या नाहीत.

आम्ही बाजूलाच वर्गणीच्या पावत्या लिहीत होतो. सारे पाहिले, पण तोंडून शब्द निघाला नाही. मावशींना झाले आहे ते काय आणि ते दुसऱ्याला लागते की नाही, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. माहिती नसली की माणूस भितो आणि भ्याला की दुसऱ्याच्या हातचे नको म्हणतो. दुसऱ्याच्या हातचे नको म्हणणे म्हणजे काय असते, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

आम्ही डॉक्टर नव्हे. बी.कॉम. होऊन कारकुनी करणारा माणूस. पण त्यानंतर मावशींना घेऊन महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या कातडीच्या ओपीडीत आमच्या चार-पाच खेपा झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंना आम्ही प्रश्न विचारून भंडावून सोडले. त्यांनीही न कंटाळता सांगितले. त्यातले आपल्या घरांना उपयोगी पडेल तेवढे इथे मांडतो.

आधी नख म्हणजे काय ते पाहू. नख हा मेलेला भाग आहे, म्हणून ते कापले तरी दुखत नाही. जिवंत असते ते नखाचे मूळ. हे मूळ मागच्या बाजूला कातडीखाली दडलेले असते. अंगठ्याच्या नखावर बुडाशी पांढरट चंद्रकोर दिसते ना, तो त्या मुळाचाच बाहेर दिसणारा तुकडा. तिथे नख तयार होते आणि हळूहळू पुढे सरकते. नखाच्या खाली मऊ, रक्ताने भरलेली कातडी असते आणि नख तिला घट्ट चिकटलेले असते. तिच्यामुळेच नख गुलाबी दिसते. ही चिकटण सुटली की मधल्या फटीत हवा शिरते आणि तेवढा भाग पांढरा दिसू लागतो. बहुधा ही सुरुवात टोकाकडून होते आणि मागे सरकत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून महिना-दोन महिने कोणी बघतही नाही. मग फटीत पाणी, साबण आणि मळ साचतो, नख पिवळट होते आणि तेव्हा कुठे लक्ष जाते.

लहानपणी बगळ्यांची रांग उडताना दिसली की आम्ही पोरे नखे एकमेकांवर घासत बगळ्याकडे कवडी मागायचो आणि नखावर पांढरा ठिपका उमटला की खूष व्हायचो. तो ठिपका वेगळा. नखाच्या मुळाला बारीकसा मार लागला की तो उमटतो आणि नखाबरोबर पुढे सरकत जाऊन एक दिवस नेलकटरमध्ये निघून जातो. त्याला औषध लागत नाही. सुटलेले नख मात्र असे आपोआप पुढे जाऊन संपत नाही, कारण ज्या कारणाने ते सुटले ते कारण रोज चालूच असते.

मावशींचे कारण काय होते? डॉक्टरीणबाईंनी नखे बघण्याच्या आधी त्यांना दिवसभराचे काम विचारले. सकाळी सातला कॅन्टीनमध्ये. पाच-सहा किलो लसूण सोलायचा, मग चहाचे पेले, मग नाश्त्याच्या ताटल्या, मग जेवणाची भांडी. हात पाण्यात किंवा साबणात सहा तास तरी असणारच. घरी आल्यावर घरची धुणीभांडी. बाई म्हणाल्या, "अहो, हे तुमच्या हाताचे दुखणे नाही, तुमच्या कामाचे आहे."

त्याचा खुलासा असा. नख पाणी शोषून घेते आणि फुगते, वाळले की आकसते. दिवसातून वीस-तीस वेळा हे घडले की खालची चिकटण सैल होते. भांड्यांच्या साबणाने बोटांचा मूळचा तेलकटपणा धुऊन निघतो, त्यात भर पडते. लसणाची साल नखाखाली घुसते आणि लसणाचा तिखट रस कातडी भाजतो. पातेल्याचा करपलेला तळ नखाने खरवडायचा ही तर आपल्या बायांची जुनी सवय. नख जितके लांब तितकी ती पहार मोठी. टोकाला जोर लागला की बुडापर्यंत उचकटते. आणि संध्याकाळी नखात मळ दिसतो म्हणून टाचणीने किंवा आगपेटीच्या काडीने कोरायचे! मावशी रोज रात्री केसातल्या आकड्याने नखे साफ करीत होत्या. स्वच्छतेसाठी करीत होत्या, आणि त्यानेच फट रोज गव्हाएवढी मागे जात होती.

पण त्याआधी काय झाले होते ते ऐका. ओपीडीत जाण्यापूर्वी दोन महिने मावशींनी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून बुरशीच्या गोळ्या आणि मलम आणले होते. दुकानातल्या पोराने नख बघितले आणि पुडी बांधून दिली. केसपेपर नाही, तपासणी नाही. गोळ्यांनी नख बरे झाले नाहीच, वर पोटात जळजळ सुरू झाली. ओपीडीत नखाखालचा भुगा खरवडून तपासायला पाठवला, त्यात बुरशी निघालीच नाही. म्हणजे नसलेल्या रोगाचे औषध चालू होते. नखे सुटण्याचे एक कारण बुरशी आहे, हे खरे. विशेषतः पायाच्या नखांत ती फार. नख जाड, पिवळे, ठिसूळ होते आणि खाली भुगा साचतो. पण नुसते बघून भलेभले फसतात. बुरशीच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात आणि काहींच्या यकृतावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. भुग्याची तपासणी झाल्याशिवाय त्या घेऊ नयेत आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून तर मुळीच नकोत.

हिरवी झाक होती ती ओलाव्यात वाढणाऱ्या एका जंतूची. सुटलेल्या फटीत पाणी राहिले की तो तिथे घर करतो. ते दिसायला भयंकर असते, पण घर कोरडे झाले की भाडेकरू जातो. आणि पाण्याने सुटलेली नखे दुसऱ्याला लागतात का? नाही लागत. बुरशी असली तर एकच नेलकटर, एकच ओला टॉवेल वापरल्याने ती पसरू शकते, म्हणून ते वेगळे ठेवावेत. बोटाला पू असेल किंवा जखम उघडी असेल तर स्वयंपाकाला हात लावू नये, हे कोणालाही लागू आहे. पण सुटलेल्या नखाच्या बाईच्या हातून पाण्याचा पेला घ्यायला काहीही हरकत नाही.

उपाय ऐकून मावशींचा चेहरा पडला. त्यांना वाटले होते इंजेक्शन मिळेल. डॉक्टरीणबाईंनी नेलकटर काढले आणि सुटलेला भाग जिथवर सैल होता तिथवर हलकेच कापून टाकला. म्हणाल्या, "जेवढे सुटले तेवढे पुन्हा चिकटत नाही. मागून येईल ते नवे चिकटेल." कापल्यावर फट उघडी होते, वारा लागतो, पाणी साचत नाही. घरी दर आठ-दहा दिवसांनी असेच करायचे. दुखू लागले की थांबायचे, चिकटलेल्या भागाला हात लावायचा नाही. वर पट्टी बांधायची नाही, कारण पट्टीखाली घाम साचतो. सुटलेले नख झटपट चिकटवायच्या गोंदाने चिकटवणारे महाभाग आमच्या पाहण्यात आहेत. त्याने आत मळ कायमचा कोंडला जातो.

दुसरे म्हणजे हातमोजे. इथे एक बारकावा आहे. नुसते रबरी मोजे घातले तर आत घामाने हात तिंबतो आणि पाण्यात ठेवल्यासारखेच होते. म्हणून आत सुती मोजे आणि वर रबरी. सुती मोजे विकत घ्यायला नकोत. आमच्या सौ.नी जुन्या बनियनचे कापड कापून मावशींना दोन जोड शिवून दिले. रबरी मोजे वापरून झाले की उलटे करून वाळत घालायचे. भोक पडले की टाकायचे, कारण आत शिरलेले पाणी आतच राहते. हात धुतले की बोटांच्या पेरापर्यंत कोरडे पुसायचे आणि नखांच्या भोवतालच्या कातडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळायचे. गरम पाण्यात हात बुडवून बसायचे नाही. कोरायचे तर अजिबात नाही, मळ दिसला तर मऊ ब्रश बाहेरून फिरवायचा.

आणि धीर धरायचा. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत यायला पाच-सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. मात्र फार उशीरही करू नये. नख वर्षानुवर्षे सुटलेले राहिले तर खालची कातडी राठ होते आणि मग नवे नखही तिला नीट धरत नाही.

आता मार लागून सुटणाऱ्या नखाबद्दल. इथे आम्ही स्वतः गुन्हेगार आहोत. २०१६ च्या जून महिन्यात कचेरीतल्या लोखंडी कपाटाच्या दारात आमच्या डाव्या हाताचे मधले बोट चेंगरले. नख काळेनिळे झाले आणि रात्रभर बोट ठणकले. आम्ही हळद-चुन्याचा लेप लावून कामावर गेलो. बाराव्या-तेराव्या दिवशी नख हलायला लागले. ते कागदांत अडकायचे, म्हणून रविवारी दुपारी चिमट्यात धरले आणि ओढले. बुडाशी ते अजून धरून होते. रक्त आले, मग पू झाला, आठ दिवस कामाचा खाडा झाला आणि दवाखान्यात बोलणी खाल्ली ती वेगळीच. नवे नख आले, पण त्यावर उभी खाच आहे. ती आता जन्माची सोबत. मुळाला इजा झाली की असे होते.

करायला हवे होते ते असे. बोट चेंगरल्याबरोबर अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढावी. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावे, फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरावा, हात छातीच्या वर ठेवावा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे, दर मिनिटाला उघडून बघू नये. नखाखाली रक्त साचून ठणका असह्य झाला तर डॉक्टर नखाला बारीक छिद्र पाडून ते रक्त बाहेर काढतात आणि लगेच आराम पडतो. हे घरी सुई तापवून करू नये. टोक वाकडे दिसत असेल किंवा बोट वळत नसेल तर हाड मोडले आहे का, हे एक्स-रे काढूनच कळते. नख अर्धे निघून लोंबत असेल तर ओढू नये. मोकळे लोंबणारे टोक कापावे, बाकीचे आपल्या जागी सपाट बसवावे, व्हॅसलीन लावून स्वच्छ पट्टी बांधावी आणि दवाखाना गाठावा. नख पुरते निघाले तरी हेच. खालची कातडी आठ-दहा दिवसांत टणक होते, तोवर पट्टी रोज बदलावी. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते डॉक्टरांना सांगावे. आठवत नसेल तर तसेही सांगावे. माती, शेण, तंबाखू, चुना यांतले काहीही जखमेवर जाता कामा नये. आणि लहान पोरांची बोटे बहुधा दाराच्या बिजागरीच्या बाजूला सापडतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दार तर सारखेच उघडमीट होते. जुन्या टॉवेलची घडी दाराच्या वरच्या टोकाला अडकवून ठेवली तर दार पुरते मिटतच नाही.

पाणी नाही, मार नाही, तरी नखे सुटतात, तेव्हा अंगात काही चालले आहे का ते पाहावे लागते. सोरायसिस असणाऱ्यांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात, तेलाच्या थेंबासारखे पिवळट-तांबूस डाग दिसतात आणि नख सुटते. थायरॉईडची गाठ जास्त काम करू लागली तरी नखे सुटतात. त्याबरोबर वजन उतरते, छातीत धडधडते, हात कापतात, घाम फार येतो. अशा वेळी साधी रक्ततपासणी पुरते. तरुण मुली लग्नसराईत कृत्रिम नखे चिकटवून घेतात, मग ती खरडून काढतात, त्यातही खालचे खरे नख उचकटते. डॉक्सीसायक्लीन नावाची गोळी बरेच दिवस चालू असताना कडक उन्हात काम केले तर काहींची नखे सुटतात. पण पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गेल्यावर लेप्टोच्या भीतीने डॉक्टर हीच गोळी देतात, ती मात्र या धास्तीने टाळू नका. लेप्टो जिवावर बेततो, नख परत येते. कॅन्सरच्या काही औषधांनीही नखे सुटतात. परळला टाटाला येणारे अनेक पेशंट ते बघून हादरतात. त्यांनी घाबरू नये, पण वॉर्डातल्या डॉक्टरांना दाखवावे, कारण त्या काळात जंतू लवकर शिरतात.

घाई करावी अशाही दोन-तीन गोष्टी आहेत. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाचे नख सुटले, लाल झाले किंवा पाणी येऊ लागले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. साफसफाईच्या कामावर दिवसभर ओल्या गमबुटात राहणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतील तर अधिकच. एकच नख महिनोन् महिने सुटलेले राहते, बाकीची नऊ ठणठणीत, तर खाली चामखीळ किंवा गाठ आहे का हे दाखवून घ्यावे. मार लागल्याचे आठवत नाही आणि एकाच नखावर काळी उभी रेघ येऊन ती रुंद होत चालली किंवा कातडीवर उतरली, तर थांबू नये. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर तपकिरी रेघा जन्मजात रंगामुळे असतात, त्या निराळ्या. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे. जे. या सगळ्या ठिकाणी त्वचारोगाची ओपीडी आहे. रांग लांब असते. सकाळी लवकर जावे, चालू गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात आणि नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी लावून जाऊ नये, नाहीतर डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

मावशींकडे परत येतो. मोज्यांचा प्रश्न त्यांच्या कॅन्टीनच्या ठेकेदारापाशी येऊन अडला. त्या विचारायला गेल्या तर तो म्हणाला, "मोजे घालून भांडी घासायला हे काय हॉस्पिटल आहे?" वर, नखे अशी असतील तर कामावर येऊ नका, असेही सुनावले. मावशी घाबरल्या. "भाऊ, राहू द्या, नखं गेली तर गेली, काम जायला नको," म्हणाल्या. आम्ही म्हणालो, एक अर्ज देऊन बघू. कारकुनाला दुसरे काय येते! साधा अर्ज लिहिला. ओपीडीच्या केसपेपरची झेरॉक्स जोडली. आजार संसर्गाचा नसल्याची दोन ओळींची चिठ्ठी डॉक्टरीणबाईंनी दिली होती, तीही जोडली. अर्ज एकट्या मावशींचा ठेवला नाही. भांड्यांवर काम करणाऱ्या सातही बायांच्या सह्या घेतल्या. त्यात तिघींची नखे तशीच होती, त्यांनी कोणाला दाखवली नव्हती इतकेच. एक प्रत ठेकेदाराला, एक कारखान्याच्या पर्सोनेल साहेबांना दिली आणि दोन्हींवर पोच घेतली.

अडीच आठवड्यांनी सात जोड रबरी मोजे आले. एकदाच. पुढचे जोड दर तीन महिन्यांनी देऊ असे तोंडी सांगितले होते, ते तोंडीच राहिले. तेवढ्या एका जोडीवर आणि आमच्या सौ.च्या बनियनच्या मोज्यांवर मावशींनी सप्टेंबरपर्यंत दिवस काढले. मोज्याला भोक पडले की सायकलच्या पंक्चरचा तुकडा लावायच्या. तसे करू नका म्हणून आम्ही सांगत होतो, त्या ऐकत नव्हत्या. ऑक्टोबरात चार नखे गुलाबी झाली. पाचव्याची, उजव्या हाताच्या अनामिकेची, बाजूची कड अजून सुटते, लसणाचा हंगाम आला की हटकून.

२०२४ च्या जयंतीला मावशी कणीक मळायला आल्या. जिने परात ओढली होती तीच समोर बसली होती. आदल्या महिन्यात तिच्याही अंगठ्याचे नख कपडे घासताना उचकटले होते. ते पदराआड न लपवता तिने मावशींपुढे धरले आणि विचारले, "मावशी, हे कुठवर कापू?" मावशींनी पिठाचे हात झटकले आणि बोट उजेडाकडे वळवून बघितले.

मोज्यांचा दुसरा अर्ज आमच्या पिशवीत आहे. या वेळी सह्या नऊ झाल्या आहेत.